लेण्यातला अंधार आणि जे. जे.ची मुलं

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ईदची सुट्टी, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, आणि दुबईतले सगळे मॉल पालथे घालून झालेले. म्हणून आम्ही अबुधाबीच्या लूव्र संग्रहालयात गेलो. खरं सांगतो, कलेची ओढ वगैरे काही नव्हती, एसी आणि पार्किंग दोन्ही मिळेल एवढाच विचार. तिथे रेम्ब्रांटचं एक छोटंसं तैलचित्र आहे, ओकच्या फळीवर काढलेलं, जेमतेम वीतभर उंचीचं. हात जोडलेल्या एका तरुणाचा चेहरा. येशूच्या चित्रासाठी केलेला अभ्यास असं त्याला म्हणतात. मागे सगळा तपकिरी अंधार आणि त्यातून कपाळ, नाक आणि गालाचा थोडा भाग तेवढा वर आलेला.

माझी नऊ वर्षांची लेक त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एवढ्या अंधारात त्याला रंग कसे दिसत होते?"

आता मी कॉम्प्युटर इंजिनीअर. स्क्रीनला मागून उजेड असतो, त्यामुळे हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. "घरी जाऊन अप्पाआजोबांना विचारू," म्हणून वेळ मारून नेली. अप्पा, म्हणजे माझे वडील, जळगावला शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. संध्याकाळी फोन लावला, प्रश्न सांगितला. पलीकडून थोडा वेळ काही नाही, आणि मग अप्पांचा तो ठेवणीतला मास्तरी आवाज: "अरे, तुझ्या घरापासून साठ किलोमीटरवर जे. जे.च्या पोरांनी अंधारात बसून तेरा वर्षं तैलरंगात माणसं रंगवली. आणि तू मला त्या डच माणसाचं विचारतोस?"

मी जळगावकर. अजिंठा मला पाठ आहे असा माझा समज. दर वर्षी शाळेची सहल, डब्यात पुरी-भाजी, फर्दापूरला उतरून चालत जायचं. लेण्यात मोठा दिवा घेतलेला माणूस असायचा, तो उजेड फिरवेल तिकडे सगळ्यांच्या माना. पण जे. जे.ची पोरं? ही भानगड मला माहीत नव्हती. गेलं वर्षभर, ऑफिसचं काम सांभाळून, मी त्यांच्या मागे लागलोय. त्यातलं जे हाती लागलं ते इथे सांगतो.

अजिंठ्याची सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, वाघोरा नदीच्या वळणावर त्याला लेणी दिसली आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपलं नाव कोरून ठेवलं. (म्हणजे ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरायची सवय आपली एकट्याची नव्हे.) पुढची गोष्ट मेजर रॉबर्ट गिलची. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्याला भित्तिचित्रांच्या प्रती करायला नेमलं. मद्रासच्या सैन्यातला हा माणूस अजिंठा गावच्या बारादरीत राहिला आणि जवळजवळ वीस वर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रती करत राहिला. त्याची पारो आपल्याला ठाऊक आहे. ना. धों. महानोरांनी तिच्यावर दीर्घकाव्य लिहिलं, नितीन देसाईंनी २०१२ साली सिनेमा काढला. १८५६ साली ती गेली, तिच्या नावाचा दगड गिलने बसवला, तो आजही अजिंठा गावात आहे.

गिलच्या त्या कॅनव्हासचं काय झालं, हे मात्र सिनेमा पाहून आलेल्या माझ्या एकाही मित्राला सांगता आलं नाही. जवळपास तीस चित्रं लंडनला गेली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोडली तर सगळी जळाली. वीस वर्षांचं काम एका रात्रीत खलास. गिल तेव्हा साठी ओलांडलेला होता. पुढे १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर आमच्या भुसावळला आहे.

इथून जे. जे.ची मुलं गोष्टीत येतात.

मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली. १८६५ मध्ये तिथे दोन शिक्षक विलायतेहून आले. एक लॉकवुड किपलिंग, 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील, आणि दुसरे जॉन ग्रिफिथ्स. गिलच्या प्रती जळाल्यावर ग्रिफिथ्सनी सरकारच्या मागे लागून काम पुन्हा सुरू करायची परवानगी मिळवली. १८७२-७३ च्या हिवाळ्यात ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला पोचले. मधे खंड पडत पडत हे काम १८८५ पर्यंत चाललं. सुमारे तीनशे कॅनव्हास रंगवून झाले. भिंतींचे तर झालेच, पण पहिल्या लेण्याच्या छतावरचे ते लहान लहान चौकोन असतात ना, फळंफुलं, हंस, हत्ती, तेही एकेक करून.

या विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा ही नावं सापडतात. पेस्तनजी १८५१ चा, म्हणजे पहिल्या हिवाळ्यात जेमतेम एकवीस वर्षांचा. आपल्याकडे त्या वयाचा मुलगा कॅम्पस इंटरव्ह्यू देत असतो.

आता लेकीच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. अंधारात तैलरंगाने चित्र काढायचं म्हणजे नक्की अडचण काय? हे मला अप्पांनी फोनवर तीन हप्त्यांत समजावलं, आणि पुस्तकापेक्षा स्वतःच्या फजितीवरून समजावलं.

साधारण वीस वर्षांपूर्वी, भारनियमनाच्या काळात, जळगावात संध्याकाळी तासन्‌तास वीज नसायची. अप्पांच्या डोक्यात आलं की आईचं चित्र काढायचं, स्वयंपाकघरात कंदिलासमोर भाजी निवडत बसलेली. पहिल्या दिवशी त्यांनी कंदील आईजवळ ठेवला. आई छान दिसू लागली, पण स्वतःचा कॅनव्हास अंधारात. दिसत नाही म्हणून हात आपोआप उजळ रंगाकडे गेला. सकाळी अंगणात नेऊन पाहिलं, तर अंधार कसला, सगळं राखेसारखं फिकं. दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी दुसरा कंदील घेतला, अगदी कॅनव्हासच्या शेजारी. आता उलटं झालं. कॅनव्हासवर उजेड भरपूर, म्हणून रंग गडद होत गेले, आणि सकाळी पाहतात तर आईच्या जागी डांबर. शिवाय ओल्या तेलावर कंदिलाची चकाकी पडते, मान वाकडी केल्याशिवाय आपलंच काम दिसत नाही. आणि कंदिलाच्या पिवळ्या उजेडात पॅलेटवरचा पांढरा कुठला नि पिवळा कुठला हे कळत नाही. "तुझ्या आईच्या कपाळावर अशी कावीळ काढून ठेवली मी," अप्पा सांगत होते, आणि मागून आईचा आवाज, "ते चित्र माळ्यावर टाकलंय म्हणावं!"

याच्यावर तोडगा काय? तैलरंग हाच बराचसा तोडगा आहे. जवसाच्या तेलातला रंग दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणजे रात्री केलेली चूक सकाळी पुसता येते. जलरंगात ती सोय नाही. आधी कॅनव्हासवर पातळ तपकिरी रंगाचा हात मारायचा. अंधार पातळच ठेवायचा, थरावर थर, काचेसारखा पारदर्शक, म्हणजे नजर आत शिरते. उजेड मात्र शेवटी आणि जाड रंगात, कारण जाड पांढरा रंग अंधारावर झाकून बसतो. रेम्ब्रांटच्या त्या चेहऱ्यात कपाळावरचा उजेड असाच वर बसलाय. आणि रंग लावण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थांबायचं. उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. मधे एकदा बाहेर डोकावलं की पुन्हा पहिल्यापासून.

आता हे सगळं अजिंठ्याला लावून बघा. डोंगर पोखरून केलेली दालनं, उजेड यायचा तो फक्त समोरच्या दारा-खिडक्यांतून, आणि खांबांच्या रांगा ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत पोचेतो तो थकून जातो. छताची प्रत करायची तर परांचीवर चढून मान मोडेपर्यंत वर बघायचं. वटवाघळांचा वास, मधमाश्या, आणि जंगल तर असं की गिलच्या काळापासून वाघाच्याच गोष्टी जास्त. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात, रसद आणायची ती लांबून. पावसाळ्यात तेल वाळत नाही, म्हणून हिवाळे गाठायचे.

शिवाय समोरची भिंत काही तैलरंगाची नाही! अजिंठ्याच्या चित्रकारांनी माती, भाताचं तूस, वनस्पतींचे धागे असा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती असे रंग. निळा मात्र थेट अफगाणिस्तानातल्या खाणींतून आलेला लाजवर्द. (त्या व्यापाराच्या वाटेवरची माणसंही पहिल्या लेण्यात दिसतात. छतावर टोप्या घातलेली, दाढीवाली, इराणी वळणाची मंडळी पेले घेऊन बसलीयेत. ग्रिफिथ्सच्या पिढीने त्यांच्यातला एक इराणचा राजाच ठरवला होता, आज बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. आम्हा आखातवासीयांना मात्र ती मंडळी शेजारची वाटतात.) ही भिंत मूळची कोरडी, मॅट. तिची प्रत चकचकीत तैलरंगात करायची म्हणजे ओवीचं पोवाड्यात रूपांतर करण्यासारखं आहे. या प्रतींवर तशी टीका नंतर झालीच. चेहऱ्यांना विलायती गोलाई आली, छाया जास्त पडली, रेषेचा जोर गेला. प्रती पाहिल्यावर मला ती टीका पूर्ण खोटी वाटत नाही. पण कंदिलाची फजिती ऐकल्यापासून मी त्या मुलांशी वाद घालायचं सोडून दिलंय.

एक गोष्ट मात्र सांगावीच लागेल, आणि ती सांगताना वाईट वाटतं. शतकानुशतकांच्या धुराने आणि धुळीने भिंतीवरचे रंग मंद झाले होते. कोरड्या, धुरकट पृष्ठभागावर वार्निश फिरवलं की रंग एकदम खुलतो, ओल्या दगडासारखा. अंधारात काम करणाऱ्याला तो मोह किती होत असेल याची कल्पना येते. प्रती करताना मूळ भिंतींवर वार्निश दिलं गेलं. काही वर्षांत ते पिवळं पडलं, त्यावर काजळी चिकटली, आणि आक्रसताना ते खालच्या रंगाचे पोपडे घेऊन सुटू लागलं. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी सुटणारे पोपडे बसवले, पण वर लाखेचा थर दिला, तोही पुढे काळवंडला. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी गेल्या काही दशकांत हे थर इंच इंच करून उतरवलेत. म्हणजे प्रत जपण्यासाठी केली, आणि ती करताना मूळच दुखावलं.

माझ्या धंद्यात याला अगदी जवळचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे रात्रीचा बॅकअप इमानेइतबारे चालू होता, रोज सकाळी "यशस्वी" असा ईमेल यायचा. एक दिवस खरोखर गरज पडली तेव्हा कळलं की त्या बॅकअपमधून आजवर कोणी काहीच परत काढून बघितलेलं नाही, आणि आत अर्ध्या फायली फुटक्या. त्यात रोजचा तो बॅकअपच मूळ डेटाबेस अडवून ठेवत होता. तीन रात्री मी तिथे काढल्या. त्या तिसऱ्या रात्री एवढंच हाती आलं की दोन प्रती एकाच इमारतीत ठेवल्या तर ती एकच प्रत असते.

१८८५ साली लंडनवाल्यांना हे कोणी सांगायला हवं होतं. जे. जे.च्या मुलांचे कॅनव्हास एकेक करून साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे जात होते. अजिंठ्याचं काम ज्या वर्षी संपलं, त्याच वर्षी तिथे आग लागली. तीनशेपैकी शंभराहून जास्त चित्रं जळाली किंवा खराब झाली. तीच जात, तीच गत. वीस वर्षांत दुसऱ्यांदा. ग्रिफिथ्सनी उरलेल्या चित्रांवरून दोन जाडजूड खंड तयार केले, ते १८९६-९७ मध्ये लंडनला छापले गेले. यानंतर लेडी हेरिंगहॅम १९०९ ते ११ च्या हिवाळ्यांत नंदलाल बोस वगैरे तरुणांना घेऊन आल्या, पण त्यांनी तैलरंग टाळले. पुढे जपानी चित्रकार आले, त्यांच्या प्रती टोकियोत १९२३ च्या भूकंपात आगीत गेल्या. तिसऱ्यांदा! एवढं वाचल्यावर मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

वाचलेले कॅनव्हास आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. कित्येक दशकं ते गुदामात पडून होते, या शतकात त्यांची नीट दुरुस्ती आणि छायाचित्रं झाली. आणि त्यांची किंमत आता वेगळीच झालीय, कारण त्यातल्या काही आकृती भिंतीवर उरलेल्या नाहीत. गिलावा पडला, पोपडे गेले, तिथे आज मातीचा डाग आहे. त्या माणसांचा चेहरा रंगांत कुठे असेल तर जे. जे.च्या कुणा विद्यार्थ्याने अर्धवट अंधारात केलेल्या तैलचित्रात. हे खंड ग्रिफिथ्सच्या नावाने ओळखले जातात, त्यांची मेहनत आणि चिकाटी होतीच, ती नाकारत नाही. पण तीनशे कॅनव्हास एक माणूस रंगवत नाही. पारोचं नाव दगडावर आहे, गिलचं कबरीवर आहे, स्मिथचं तर खांबावरच आहे. जयराव राघोबा हे नाव मी जळगावात दहा जणांना विचारलं, त्यातले दोन कलाशिक्षक. कोणालाच माहीत नव्हतं.

पेस्तनजी बोमनजी मात्र पुढे नावारूपाला आला. १९३८ पर्यंत जगला. त्याचं १८८२ चं पोपटाला खाऊ घालणाऱ्या पारशी बाईचं तैलचित्र प्रसिद्ध आहे. घरातला मंद उजेड, भोवती तपकिरी सावली, आणि त्यात स्वतःतच रमलेलं माणूस, असा त्याचा विषय. जाणकार त्यात युरोपियन चित्रकारांचा प्रभाव दाखवतात, ते बरोबरच असेल, जे. जे.मध्ये शिक्षणच ते होतं. पण मला आपलं वाटतं की ऐन विशीत लेण्याच्या अंधाराला ज्याचे डोळे सरावले, त्याला घरातला अंधार रंगवताना कसली अडचण? उजेड किती कमी लागतो, हे त्याच्याइतकं त्या वेळी मुंबईत आणखी कोणाला कळत असणार?

डिसेंबरात आम्ही जळगावला गेलो तेव्हा अप्पांना घेऊन अजिंठा गाठलाच. अप्पांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आई म्हणत होती पायऱ्या नकोत, पण ते ऐकतात थोडेच. आता दिवेवाला माणूस नाही, आत मंद दिवे बसवलेत, चित्रांना झळ लागू नये एवढेच. पहिल्या लेण्यात शिरलो तेव्हा लेक म्हणाली, "काहीच दिसत नाहीये." लोक आत येत होते, दोन मिनिटं वर-खाली बघून बाहेर पडत होते.

"बोलू नको, नुसती उभी राहा," अप्पा म्हणाले, "आणि दाराकडे बघायचं नाही."

आम्ही तिघं खांबाला न टेकता उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आधी मुकुट आला, मग झुकलेल्या पापण्या, मग हातातलं कमळ. लेकीने माझं बोट दाबलं, पण ती काही बोलली नाही. अप्पा चष्मा काढून पुसत होते.

मी फोनवर छताच्या चौकोनांच्या त्या जुन्या प्रती उतरवून आणल्या होत्या. लेकीला म्हटलं, यातला कुठला चौकोन वर सापडतो ते बघ. तिने फोन वर धरला आणि मान मागे टाकून एकेक जुळवू लागली. "हा हंसांचा इथे आहे... बाबा, या फुलाचा अर्धा भाग फोनमध्ये आहे, पण वर नाहीये..."

तेवढ्यात मागून रखवालदाराचा आवाज आला, "ओ साहेब, पोरीच्या हातातला मोबाईल बंद करा. उजेड पडतोय."